शून्य गुंतागुंत : हाड उगवणाऱ्या एका प्रथिनाचं प्रकरण

शस्त्रक्रियागृहात, पेशंटच्या टेबलापासून जरा बाजूला, हिरव्या कापडाने झाकलेलं एक छोटं टेबल असतं. त्यावर काचेची एक कुपी, तळाशी पांढरी पावडर. नर्स त्यात निर्जंतुक पाणी घालते, कुपी अलगद फिरवते. शेजारच्या ट्रेमध्ये गाईगुरांच्या कोलॅजनपासून, म्हणजे कातडी-कंडरांतल्या चिवट धाग्यांपासून, केलेला पातळ पांढरा स्पंज असतो. सिरिंजने ते पाणी थेंबथेंब करत स्पंजभर सारखं सोडायचं आणि मग हात बांधून उभं राहायचं. निदान पंधरा मिनिटं. पावडरीतलं प्रथिन कोलॅजनला धरून बसायला तेवढा वेळ लागतो. दोन तासांच्या आत स्पंज वापरायचा. गुंडाळी करून तो टायटॅनियमच्या पिंजऱ्यात भरायचा आणि पिंजरा दोन मणक्यांच्या मधोमध बसवायचा. स्पंज पिळायचा नाही आणि एकदा बसवल्यावर ती जागा पाण्याने धुवायची नाही, कारण धुतलं की हजारो डॉलरचा माल सक्शनच्या नळीतून बाटलीत.

कुपीतल्या पावडरीचं नाव आरएच-बीएमपी-2. ‘आरएच’ म्हणजे रिकॉम्बिनंट ह्यूमन: माणसाच्या जनुकावरून, पण माणसाच्या शरीराबाहेर बनवलेलं. ‘बीएमपी’ म्हणजे बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन, हाडाला आकार देणारं प्रथिन. मेडट्रॉनिक कंपनीने ते ‘इन्फ्यूज’ नावाने विकलं. तुटलेलं, झिजलेलं, हरवलेलं परत उगवून आणण्याच्या वैद्यकात इतकं गाजलेलं आणि नंतर इतकं बदनाम झालेलं दुसरं रिकॉम्बिनंट प्रथिन मला तरी आठवत नाही. गंमत अशी, की प्रथिनाने त्याचं काम चोख केलं. हाड उगवायला सांगितलं, त्याने उगवलं. गोंधळ झाला तो कुठे उगवलं, किती उगवलं आणि कागदावर काय उतरलं, या तीन ठिकाणी.

आधी त्याची गरज का पडली ते बघू. आपल्याकडे ‘मणक्यात नट-बोल्ट टाकले’ असं म्हणतात, ते अर्धंच खरं. स्क्रू आणि पट्ट्या हा फक्त तात्पुरता आधार. मधली झिजलेली गादी काढून वरचा आणि खालचा मणका एकमेकांना हाडाने जोडला जाणं हे खरं उद्दिष्ट. हाड सांधलंच नाही तर सगळा भार धातूवर येतो, आणि रोज वाकणाऱ्या कमरेत धातू कधी ना कधी सैल पडतो किंवा मोडतो. म्हणून सर्जन पेशंटच्याच कमरेच्या हाडाचा कंगोरा छिन्नीने खरवडून चुरा काढतात आणि मणक्यांच्या मध्ये भरतात. स्वतःचं हाड, त्यामुळे शरीर नाकारत नाही, आणि सांधतंही उत्तम. पण त्यासाठी दुसरी चीर पडते, दुसरी जखम होते, आणि पुष्कळदा पाठीपेक्षा कंबरेची तीच जागा जास्त दिवस ठणकते. ही दुसरी जखम टाळण्याच्या आशेवरच ‘इन्फ्यूज’चा सगळा व्यापार उभा राहिला. हा मुद्दा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

हाडात हाड उगवण्याची आज्ञा असते, हे मार्शल युरिस्ट यांनी दाखवलं. लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या या अस्थिशल्यचिकित्सकाने हाडाचे तुकडे हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवून त्यातलं सगळं कॅल्शियम काढून टाकलं. उरला तो रबरासारखा वाकणारा तुकडा. तो त्यांनी प्राण्यांच्या स्नायूत बसवला. काही आठवड्यांनी तिथे, हाडाशी काही संबंध नसलेल्या मांसात, खरंखुरं हाड तयार झालं होतं, आत मज्जेसकट. 1965 साली ‘सायन्स’ नियतकालिकात हे छापून आलं. आज्ञा देणारा पदार्थ प्रथिन असणार असं म्हणत युरिस्टनी पुढे त्याला बीएमपी हे नावही देऊन टाकलं. पण ते प्रथिन वेगळं काढून हातात धरायला आणखी वीस वर्षं गेली.

या वीस वर्षांतला एक प्रयोग मला सर्वांत देखणा वाटतो. दिल्ली विद्यापीठातून पीएचडी करून अमेरिकेला गेलेले हरी रेड्डी आणि त्यांचे सहकारी संपत यांनी 1981 साली तो केला. कॅल्शियम काढलेल्या हाडाचा भुगा त्यांनी ग्वानिडीन या तीव्र रसायनात भिजवला. काही प्रथिनं विरघळून बाहेर आली, न विरघळणारा कोलॅजनचा सांगाडा मागे राहिला. नुसता सांगाडा उंदराच्या कातडीखाली ठेवला, हाड झालं नाही. नुसती विरघळलेली प्रथिनं दिली, तरीही नाही. दोन्ही पुन्हा एकत्र करून ठेवली, आणि हाड झालं. म्हणजे आज्ञा एकीकडे आणि आज्ञा धरून ठेवणारी जागा दुसरीकडे, दोन्हींशिवाय काम होत नाही. वर ज्या टेबलाचं वर्णन केलं, त्यावरचा स्पंज आणि कुपी हे याच प्रयोगाचं बाजारातलं रूप आहे.

प्रथिन मिळवणं मात्र जिकिरीचं होतं. किलोकिलोंनी गुरांची हाडं दळून, धुऊन, गाळून शेवटी हाती लागायचं ते मायक्रोग्रॅममध्ये, डोळ्यांना दिसणारही नाही एवढं. मॅसॅच्युसेट्समधल्या जेनेटिक्स इन्स्टिट्यूट या कंपनीत जॉन वोझ्नी, एलिझाबेथ वँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एवढ्याशा मालाचे तुकडे करून अमिनो आम्लांचा क्रम वाचला आणि त्यावरून उलटं जात माणसाची जनुकं शोधून काढली. हे 1988 सालचं. बीएमपी-1, 2 आणि 3 अशी नावं पडली. (त्यातलं बीएमपी-1 या घराण्यातलं नाहीच, ते कोलॅजन कातरणारं विकर (एन्झाइम) आहे, हे नंतर कळलं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.) जनुक हाती आल्यावर ते चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयापासून वाढवलेल्या पेशींमध्ये घालता आलं, आणि टाक्यांमध्ये वाढणाऱ्या त्या पेशी माणसाचं प्रथिन पाझरू लागल्या. दळायला हाडं नकोत की गुरं नकोत. पुनर्निर्माणाच्या वैद्यकाला रिकॉम्बिनंट तंत्राने दिलेली मोठी देणगी कुठली विचाराल तर ही: निसर्ग जे कणाकणाने देतो, ते ग्रॅममध्ये मिळू लागलं. संकटाचं मूळही त्यातच होतं.

हे प्रथिन किती जुनं आहे त्याची एक गोष्ट सांगून पुढे जातो. फळमाशीत याचा एक नातलग आहे, अळीची पाठ कुठली आणि पोट कुठलं हे ठरवणारा. माशीला हाड नसतं. तरी 1993 साली माशीचं ते प्रथिन उंदराच्या कातडीखाली ठेवलं, तेव्हा तिथे हाड तयार झालं. म्हणजे हा निरोप मुळात हाडाचा नाहीच. ‘इथे काहीतरी घडव’ एवढाच तो निरोप, आणि काय घडणार हे ऐकणारी पेशी कोण, ती कुठे आहे आणि आवाज किती मोठा, यावर ठरतं. गर्भात हेच बीएमपी हातापायांची बोटं सुटी करायला लागतं, हृदय घडवायला लागतं, मज्जासंस्थेतही त्याचं काम असतं. आणि शरीर त्याला मोकळं सोडत नाही. नॉगिन, कॉर्डिन अशी विरोधी प्रथिनं आजूबाजूला पहारा देत असतात, बीएमपी दिसलं की त्याला मिठी मारून निकामी करतात.

आता प्रकरणाकडे.

माणसांवरची पहिली छोटी चाचणी चौदा पेशंटवर झाली. अकरा जणांना बीएमपी, तिघांना कमरेचं हाड. बीएमपीच्या अकराही जणांचे मणके सांधले. मग मोठी चाचणी, एकूण 279 पेशंट. 143 जणांना पिंजऱ्यात बीएमपी, 136 जणांना पिंजऱ्यात स्वतःचं हाड. शस्त्रक्रिया पोटाकडून, कमरेच्या खालच्या मणक्यांवर. दोन वर्षांनी एक्स-रे आणि सीटी स्कॅनवर सांधल्याचं प्रमाण बीएमपी गटात 94.5 टक्के, दुसऱ्या गटात 88.7 टक्के. शिवाय दुसऱ्या गटातल्या 32 टक्के लोकांना कमरेची जागा दोन वर्षांनंतरही त्रास देत होती. जुलै 2002 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेने, मंजुरी दिली. ती मंजुरी अगदी अरुंद होती: कमरेचे खालचे मणके, पोटाकडून शस्त्रक्रिया, आणि ठरावीक टायटॅनियमचा पिंजराच.

अरुंद का, त्याला कारण होतं. पाठीकडून केलेल्या शस्त्रक्रियेची चाचणी डिसेंबर 1999 मध्येच थांबवावी लागली होती. बीएमपी दिलेल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांत पिंजऱ्याच्या मागे, मज्जारज्जूच्या नळीच्या बाजूला किंवा नस बाहेर पडते त्या फटीत नवं हाड आलेलं स्कॅनवर दिसलं. शोधनिबंध छापून आला 2004 मध्ये, आणि त्या हाडाने पेशंटला विशेष त्रास झाला नाही असा त्याचा सूर होता.

एफडीएची मंजुरी उत्पादनाला असते, सर्जनच्या हाताला नसते. एकदा वस्तू बाजारात आली की डॉक्टर आपल्या जबाबदारीवर ती कुठेही वापरू शकतात, तिथला कायदा तसा आहे. आणि कुपी तर तीच. मग मानेच्या मणक्यात वापरली, पाठीकडून वापरली, पिंजऱ्याशिवाय वापरली. 2002 साली मणके जोडण्याच्या एकूण शस्त्रक्रियांपैकी 0.69 टक्क्यांत बीएमपी असायचं. 2006 मध्ये तो आकडा 24.89 टक्के झाला. चार वर्षांत शंभरात एकापेक्षा कमीपासून चारात एक. पुढच्या एका पाहणीत दिसलं की निदान 85 टक्के वापर मंजुरीच्या चौकटीबाहेरचा आहे. विक्री वर्षाला ऐंशी कोटी डॉलरच्या आसपास गेली. कानामागून आली आणि तिखट झाली, ते हे.

पहिला ठसका मानेत लागला. मानेच्या पुढच्या बाजूने शस्त्रक्रिया करताना अन्ननलिका आणि श्वासनलिका हाताने बाजूला धरूनच मणक्यापर्यंत जावं लागतं. त्या जागेत प्रथिनाने भिजलेला स्पंज ठेवला. बीएमपी हाड उगवण्याआधी दाह घडवतं, रक्तवाहिन्या आणि पेशी बोलावून घेतं, त्याशिवाय हाडाचं काम सुरूच होत नाही. कमरेत थोडी सूज आली तर जागा असते. मानेत नसते. शस्त्रक्रिया ठीक झाली, पेशंट घरी गेला, आणि दोन दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत केव्हाही गळा सुजू लागला. गिळता येईना, बोलता येईना, काहींना श्वासासाठी नळी घालावी लागली, काहींचा गळा फोडून श्वासाला वाट करावी लागली. 1 जुलै 2008 रोजी एफडीएने जाहीर इशारा दिला. तोवर चार वर्षांत अशा 38 घटना त्यांच्याकडे नोंदल्या गेल्या होत्या. ज्या घटना डॉक्टरांनी आपणहून कळवल्या तेवढ्याच त्या.

इथे कुठल्याही विचारी वाचकाला प्रश्न पडावा: मग छापील निबंधांत हे का नव्हतं?

हाच प्रश्न स्टॅनफर्डचे मणक्याचे सर्जन युजीन कॅरगी यांना पडला. ते ‘द स्पाइन जर्नल’चे संपादकही होते. जून 2011 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एक साधं काम केलं, जे नऊ वर्षांत कोणीतरी करायला हवं होतं. कंपनीच्या पैशाने झालेले 13 निबंध त्यांनी एका हाताला घेतले आणि त्याच चाचण्यांची एफडीएकडे दाखल झालेली कागदपत्रं दुसऱ्या हाताला. मग ताडून पाहिलं. तेरा निबंधांत मिळून बीएमपी मिळालेले 780 पेशंट होते. प्रथिनामुळे झालेल्या गुंतागुंती किती? शून्य.

या शून्यापाशी जरा थांबायला हवं. हाताला सलाईन लावलेल्या 780 माणसांमध्येही कोणाचा हात सुजतो, कोणाला ताप येतो. आणि इथे मणक्यामध्ये जिवंत ऊतीला ढवळून काढणारं प्रथिन होतं. शून्य हा आकडाच धोक्याची घंटा होता. तेरा वेळा वाजली. तिन्ही बाजूंना, म्हणजे लेखक, परीक्षक आणि वाचक, कोणालाही ऐकू आली नाही. कॅरगींच्या हिशेबाने खरा धोका मूळ निबंधांत सुचवलेल्यापेक्षा 10 ते 50 पट होता. पिंजरा मणक्यात खचणं, आजूबाजूचं हाड विरघळणं, नसेची आग, नको तिथे हाड, लघवी अडणं. यांपैकी पुष्कळ गोष्टी एफडीएच्या कागदांत होत्या. निबंधांत एक तर नव्हत्या किंवा ‘शस्त्रक्रियेच्या मार्गामुळे’ अशा खात्यावर टाकलेल्या होत्या.

एक गुंतागुंत जवळून बघण्यासारखी आहे, कारण पेशंट ती सहसा बोलून दाखवत नाही. पोटाकडून कमरेच्या मणक्यांवर जाताना त्यांच्या पुढून जाणाऱ्या बारीक नसांचं जाळं सांभाळावं लागतं. ते दुखावलं तर पुरुषांमध्ये वीर्य बाहेर न येता उलट मूत्राशयात जातं. दुखत नाही, चालण्याफिरण्यात फरक पडत नाही, पण मूल हवं असलेल्या तिशीतल्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. कॅरगींनी आपल्या पेशंटांचा हिशेब मांडला. बीएमपी दिलेल्या 69 पुरुषांत हे प्रमाण 7.2 टक्के, न दिलेल्या 174 जणांत 0.6 टक्के. मार्ग सारखाच आणि नसाही त्याच. फक्त कुपीचा फरक. कमरेवरची एक चीर वाचवण्यासाठी हा सौदा करायचा का, हे त्या माणसाला विचारायला हवं होतं. विचारणार कसं? डॉक्टरच्या हातातल्या निबंधात ते लिहिलेलंच नव्हतं.

आणि ती कमरेची जखम? दुसरा डाव तिथे होता. तुलनेच्या गटातल्या लोकांचं दुखणं जितकं भयंकर दिसेल तितकं बीएमपी स्वस्त वाटतं. कमरेतून हाड काढण्याचा त्रास या निबंधांत फुगवून मांडला गेला, असं कॅरगींनी दाखवलं. मला हे शून्यापेक्षाही चलाख वाटतं. शून्य निदान डोळ्यांत खुपतं, फुगवलेली तुलना सहज पचून जाते.

पैशाचा भाग झटपट उरकतो, तो ओळखीचा आहे. या तेरांपैकी वीसपेक्षा जास्त पेशंट असलेल्या बहुतेक निबंधांच्या लेखकांना कंपनीकडून पैसे मिळत होते, मध्यक (सगळ्या आकड्यांतला मधला) एका निबंधामागे 1 कोटी 20 लाख ते 1 कोटी 60 लाख डॉलर. अमेरिकी सिनेटच्या वित्त समितीने ऑक्टोबर 2012 मध्ये अहवाल दिला: 1996 ते 2010 या काळात कंपनीने बीएमपीवर लिहिणाऱ्या डॉक्टरांना रॉयल्टी, सल्ला वगैरे मिळून सुमारे 21 कोटी डॉलर दिले, आणि निबंधांच्या मसुद्यांत कंपनीच्या माणसांचा हात होता. लेखकांची नावं डॉक्टरांची, वाक्यं काही ठिकाणी विपणन विभागाची. कंपनीने हा निष्कर्ष फेटाळला. न्याय खात्याची चौकशी त्याच वर्षी कोणताही आरोप न ठेवता बंद झाली होती, हेही सांगायला हवं.

पण या प्रकरणाचं सोनं पुढे आहे. 2011 च्या ऑगस्टमध्ये, चारी बाजूंनी टीका होत असताना, मेडट्रॉनिकने एक असं पाऊल उचललं जे औषध-उपकरण उद्योगात तोवर जवळजवळ कोणी उचललं नव्हतं. आपल्या चाचण्यांमधल्या एकेका पेशंटची मूळ माहिती, निबंधांत छापलेली सरासरी नव्हे तर खरी वहीतली नोंद, येल विद्यापीठातल्या हार्लन क्रुमहोल्झ यांच्या गटाच्या हवाली केली. सोबत 25 लाख डॉलर. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, ती स्वतःहून उघडली. नाइलाजाने उघडली असं म्हणणारे म्हणोत, उघडली हे खरं. येलने ती माहिती दोन वेगळ्या, एकमेकांशी न बोलणाऱ्या गटांना दिली: एक ऑरेगनमधला, दुसरा इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातला.

दोघांचे निष्कर्ष जून 2013 मध्ये एकाच दिवशी आले. बीएमपीने हाड सांधण्याचं प्रमाण स्कॅनवर थोडं जास्त होतं, यॉर्कच्या मते 12 टक्क्यांनी. पण पेशंटचं दुखणं आणि हालचाल यांत कमरेच्या हाडाच्या तुलनेत मिळालेला फायदा इतका बारीक, की पेशंटला तो जाणवेल असं नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत बीएमपीवाल्यांना दुखलं जास्त. ऑरेगनच्या गटाने स्पष्ट लिहिलं की सुरुवातीच्या निबंधांनी फायदे आणि धोके दोन्ही चुकीचे रंगवले. कर्करोगाचा प्रश्न अर्धवट राहिला: बीएमपी गटात नोंदी जास्त होत्या, पण एकूण आकडे इतके छोटे की ठामपणे बोलता येईना. याच शंकेपायी जास्त मात्रेच्या ‘अँप्लिफाय’ या भावंडाला एफडीएने 2011 मध्येच नकार दिला होता.

आता मला सगळ्यात जास्त खटकणाऱ्या गोष्टीकडे येतो: मात्रा.

प्रयोगशाळेत बीएमपी-2 चांगलं आहे की नाही हे तपासण्याची एक ठरलेली रीत आहे. उंदराच्या मांडीच्या स्नायूपासून निघालेली सी2सी12 नावाची पेशीरांग ताटलीत वाढवायची. या पेशी आपल्या आपण स्नायूचे लांबलचक धागे बनवायला निघालेल्या असतात. 1994 साली दिसलं की दर मिलिलिटरला 300 नॅनोग्रॅम बीएमपी-2 घातलं की त्या स्नायूचा नाद सोडतात आणि हाडाच्या पेशींचं विकर बनवू लागतात. रंजक द्रव टाकला की ताटली जांभळट-निळी होते. नुसत्या डोळ्यांनी दिसतं, सूक्ष्मदर्शक लागत नाही. पेशीने आपला धर्म बदलला, आणि त्याला लागला मिलिग्रॅमचा तीन दहाहजारावा भाग.

शस्त्रक्रियागृहातल्या कुपीत हेच प्रथिन दर मिलिलिटरला 1.5 मिलिग्रॅम असतं. म्हणजे ताटलीतल्याच्या 5,000 पट. मोठ्या किटमध्ये एकूण 12 मिलिग्रॅम. एवढं का? कारण उंदराला जे पुरलं ते कुत्र्याला पुरलं नाही, कुत्र्याला पुरलं ते माकडाला पुरलं नाही, आणि प्राणी मोठा होत गेला तशी मात्रा चढत गेली. पण खरी गोम स्पंजमध्ये आहे. हा स्पंज मुळात रक्तस्राव थांबवायला वापरला जायचा. तो प्रथिनाला हाडासारखं धरून ठेवत नाही. सुरुवातीच्या दिवसांतच बराच भाग निसटतो, आणि हाड तयार होण्याची खरी वेळ येईपर्यंत पुरेसं उरावं म्हणून आधी भरमसाट भरायचं. गळक्या माठात पाणी उरावं म्हणून वरून नळ सोडून ठेवल्यासारखं. जे निसटलं ते नाहीसं होत नाही. ते मागे मज्जारज्जूच्या नळीत जातं, पुढे नसांच्या जाळ्यात जातं, मानेत असेल तर गळ्याच्या मांसात जातं, आणि जिथे जातं तिथे आपलं काम करतं. शरीराच्या नॉगिन-कॉर्डिनसारख्या पहारेकऱ्यांची सवय नॅनोग्रॅमची. मिलिग्रॅमचा लोंढा आला की ते कुठे पुरे पडणार? शिवाय एवढ्या मात्रेत आधी हाड खाणाऱ्या पेशीही जोरात जाग्या होतात, म्हणून पिंजऱ्याभोवतीचं हाड पहिल्या महिन्यांत विरघळतं आणि पिंजरा खचतो. रेड्डी आणि संपत यांचा 1981 चा धडा होता की आज्ञा आणि तिला धरून ठेवणारी जागा दोन्ही लागतात. कंपनीने आज्ञा विकत घेतली, जागेच्या बाबतीत भागवून नेलं, असं माझं मत.

हेच प्रथिन दुसरीकडे बरं वागलं, म्हणून त्याला खलनायक करायचा मोह मी टाळतो. नडगीचं हाड मोडून कातडीबाहेर आलेले 450 पेशंट एका आंतरराष्ट्रीय चाचणीत होते. डर्बनच्या डॉ. गोवेंदर यांच्या नावाने तिचा निबंध 2002 मध्ये आला. हाडात रॉड घालून जखम बंद करताना दर मिलिलिटरला 1.5 मिलिग्रॅमचा स्पंज ठेवलेल्यांमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचा धोका 44 टक्क्यांनी कमी झाला. नडगीभोवती मज्जारज्जू नाही की श्वासनलिका नाही. थोडं इकडेतिकडे हाड झालं तर चालून जातं. दोन्हीकडे मात्रा तीच, स्पंजही तोच, बदलली ती फक्त जागा.

‘इन्फ्यूज’ आजही बाजारात आहे. मात्रा कमी, मानेपासून लांब, आणि निवडक पेशंटमध्ये. संशोधकांचा कल आता स्पंजऐवजी प्रथिनाला घट्ट धरून हळूहळू सोडणाऱ्या सिरॅमिककडे आणि जेलकडे आहे. पेशींच्या प्रयोगशाळांमध्ये तर हे प्रथिन रोजचं झालं आहे. जिवाणूंमध्ये बनवलेलं, दहा-दहा मायक्रोग्रॅमच्या कुप्यांमधून येणारं, वर ‘फक्त संशोधनासाठी’ असं छापलेलं.

आणि त्या संशोधनातला एक मोठा भाग आता हाड उगवण्याचा नाही. एफओपी नावाचा एक आजार आहे, दहा-वीस लाखांत एखाद्याला होणारा. यात माणसाचे स्नायू आणि कंडरा हळूहळू हाड होत जातात. धक्का लागला, इंजेक्शन टोचलं, पडलं, की तिथे सूज आणि मग हाड. युरिस्टने प्राण्यांच्या स्नायूत मुद्दाम घडवलं होतं तेच इथे आपोआप घडतं. हाड कापून काढलं तर त्या जागी आणखी येतं. 2006 साली फिलाडेल्फियातल्या आयलीन शोअर आणि फ्रेडरिक कॅप्लन यांच्या गटाने कारण शोधलं: बीएमपीचा निरोप ऐकणाऱ्या एसीव्हीआर-1 या ग्राहीत एका अमिनो आम्लाचा बदल. कान जास्तच तिखट झालेला. 2015 मध्ये याहून विचित्र गोष्ट कळली. एरवी या ग्राहीला गप्प ठेवणारं अॅक्टिव्हिन-ए हे प्रथिन, बदललेल्या ग्राहीत मात्र ‘हाड कर’ असाच निरोप देतं.

ऑगस्ट 2023 मध्ये एफडीएने या आजारावरच्या पहिल्या औषधाला, पॅलोव्हॅरोटीनला, मंजुरी दिली. नको तिथे होणारं हाड ते आवरतं. पण आठ वर्षांखालच्या मुलींना आणि दहा वर्षांखालच्या मुलग्यांना ते देत नाहीत, कारण लहान मुलांच्या लांब हाडांच्या टोकाशी उंची वाढवणारी जी कूर्चेची पट्टी असते, तीही या औषधाने वेळेआधी बंद होते.